शनिवारच्या अंकात शुक्रवारची दुपार हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन चालू असले की आपल्या पहिल्या पानावर राज्यसभेची बातमी हमखास असते. गोंधळ, घोषणा, सभात्याग, कामकाज दुपारी दोनपर्यंत तहकूब. घडते म्हणून ते छापावे लागते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण शुक्रवारी दुपारी त्याच सभागृहात मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांवर आणि ठरावांवर जे कामकाज चालते, त्याची एक ओळही शनिवारच्या अंकात येत नाही. सलग तीन अधिवेशने मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिले आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

मी जिल्हा परिषदेत लघुलेखक होतो. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे इतिवृत्त लिहिण्यात माझी 26 वर्षे गेली. कोण आले, कोण कितव्या विषयाला उठून गेले, ऐनवेळच्या विषयात काय घुसवले गेले, हे सगळे या हाताने लिहिले आहे. त्यामुळे कुठलीही सभा पाहताना माझी नजर आधी खुर्च्यांकडे जाते.

राज्यसभेचा दिवस सकाळी 11 वाजता कागदपत्रे पटलावर ठेवण्यापासून सुरू होतो. मग शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे सार्वजनिक प्रश्न मांडण्याचा वेळ, आणि 12 वाजता प्रश्नोत्तराचा तास. 2014 च्या हिवाळी अधिवेशनापूर्वी प्रश्नोत्तरे सकाळीच होत. रोजच्या गोंधळात तो तास वाया जातो म्हणून तो दुपारी सरकवला. एरवी जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी विधेयके येतात. शुक्रवारी मात्र शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे असतात. एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव. मंत्री नसलेला कोणताही सदस्य, मग तो सत्ताधारी बाकावरचा असो वा विरोधी, आपल्या मनातला कायदा स्वतःच्या नावाने मांडू शकतो. तिथे सहसा पक्षाचा आदेश नसतो. कोणाचा क्रमांक आधी लागणार ते चिठ्ठ्या टाकून ठरते. माझ्या मते राज्यसभेच्या आठवड्यातले हे सर्वांत मोलाचे तास आहेत, आणि नेमके तेच ओस पडलेले असतात.

मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. संसद नव्या इमारतीत जाण्याच्या काही वर्षे आधी आम्ही घरचे दिल्लीला गेलो होतो. ओळखीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला, तोही शुक्रवारी दुपारचा. मोबाइल, पाकीट, पेनसुद्धा बाहेर जमा करून घेतले. इतकी वर्षे सभेत पेनशिवाय बसलो नव्हतो, हात अवघडून गेला. खाली लाल गालिचा, अर्धवर्तुळात बाके, आणि मधल्या टेबलाशी सभागृहाचे लघुलेखक. थोड्या थोड्या वेळाने दुसरा लघुलेखक पावलांचा आवाज न करता यायचा, पहिल्याच्या शेजारी बसून लिहायला लागायचा, आणि मगच पहिला उठायचा. दोघांच्या मध्ये एक शब्द खाली पडू नये एवढ्यासाठी. एका अशासकीय विधेयकावर चर्चा चालली होती. बोलणाऱ्या सदस्यांच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक कागदावर रंगीत खुणा चिकटवलेल्या होत्या. माणूस तयारी करून आला होता. मी डोकी मोजली. 31 भरली. तासाभराने पुन्हा मोजली तर 26.

राज्यसभेचे सदस्य 245. कोरम, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान उपस्थिती, एक दशांशाची, म्हणजे 25. आणखी दोघे चहाला गेले असते तर घंटा वाजवावी लागली असती आणि तरीही कोणी आले नसते तर सभा तिथेच तहकूब. शेवटी मंत्री उत्तराला उभे राहिले. सदस्यांच्या भावनेशी सरकार सहमत आहे, या विषयावर आमचा विचार चालू आहे, तेव्हा विधेयक मागे घ्यावे. सदस्यांनी दोन वाक्यांत खंत सांगितली आणि मागे घेतले. सभागृहाची अनुमती आहे ना? आहे. संपले. त्या सदस्यांनी गठ्ठा रबरबँडमध्ये घातला, तो मला अजून दिसतो.

बाकीचे गेले कुठे? बरेचसे विमानतळावर. शनिवार-रविवार आपापल्या राज्यात, कार्यक्रम, लग्नकार्ये. त्यांनाही कामे असतात हे मला कळते. पण त्या दिवसाची हजेरी लागलेली असते, दैनिक भत्ताही मिळतो. सकाळी नोंद केली की दिवस भरला. आमच्या सभागृहातही हेच होई, सही करून सदस्य बाहेर. मी इतिवृत्तात चर्चेत भाग घेणाऱ्यांची नावे विषयवार लिहीत असे, त्यामुळे सहीपुरते कोण आले ते वाचणाऱ्याला कळे. तुमच्याकडून मी एवढेच मागतो आहे.

अशा विधेयकांचे पुढे काही होत नाही, मग कशाला छापायचे, असे आपला दिल्लीचा वार्ताहर म्हणेल. आकडे त्याच्या बाजूने आहेत. 1952 पासून आजवर फक्त 14 अशासकीय विधेयके कायदा झाली, त्यातले शेवटचे 1970 साली. मांडणारा सदस्य निवृत्त झाला की त्याचे पडून राहिलेले विधेयकही त्याच्याबरोबर जाते. तरीही 24 एप्रिल 2015 ची दुपार आठवून पाहा. तोही शुक्रवारच. तमिळनाडूचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक चर्चेला होते. आमच्या एसटी स्टँडवर लोक ज्यांच्याकडे पाहून तोंड फिरवतात, त्यांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा द्या, त्यांना माणूस म्हणून वागवा, असे सांगणारे. मंत्री थावरचंद गेहलोत यांनी नेहमीची विनंती केली, सरकार स्वतःचे विधेयक आणेल, हे मागे घ्या. शिवा यांनी मागे घेतले नाही. पीठासनावर उपसभापती पी. जे. कुरियन होते. आणि विधेयक एकमताने मंजूर झाले. कित्येक दशकांनी संसदेच्या एका सभागृहाने अशासकीय विधेयक मंजूर केले होते.

लोकसभेत ते पुढे गेले नाही, हे खरे. पण सरकारला आपले विधेयक आणावेच लागले. 2019 मध्ये झालेला कायदा शिवा यांच्या मसुद्यापेक्षा तोकडा होता, राखीव जागा त्यात नव्हत्या, आणि त्यावर त्या समाजातूनच मोठी नाराजी व्यक्त झाली. पण एका खासदाराने शुक्रवारी दुपारी 'नाही, मागे घेत नाही' म्हटले नसते, तर तेवढेही कधी झाले असते कोण जाणे.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. संसदेत काय बोलले गेले ते वर्तमानपत्राने खरेपणाने छापले, तर त्याबद्दल खटला भरता येत नाही. हे संरक्षण 1956 च्या ज्या कायद्याने मिळाले, तो कायदा लोकसभेत फिरोज गांधी यांनी आणला होता. तेव्हा ते मंत्री नव्हते, सत्ताधारी पक्षाचे साधे खासदार होते. त्यांचे ते अशासकीय विधेयक होते, त्या 14 पैकी एक! आणीबाणीत त्यांच्या पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला, 1977 मध्ये नव्या सरकारने तो परत आणला, आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण अनुच्छेद 361-क म्हणून थेट घटनेत गेले. म्हणजे संसदेची बातमी ज्या आधारावर निर्धास्तपणे छापली जाते, तो आधार अशाच एका दुपारच्या कामकाजातून आलेला आहे. त्याच कामकाजाला आपल्या अंकात जागा नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी फार मागत नाही. अधिवेशनकाळात दर शनिवारी आतल्या पानावर पाव कॉलम द्यावा. काल कोणाचे विधेयक किंवा ठराव चर्चेला होता, विषय काय, कोण बोलले, मंत्र्यांनी काय उत्तर दिले. आणि महाराष्ट्राच्या 19 आणि गोव्याच्या एका सदस्यापैकी कोण बोलले, त्यांची नावे. सभागृहात नुसते कोण बसले होते ते कागदावर सापडत नाही, पण कोण बोलले ते सापडते, कारण शब्दशः वृत्तांत राज्यसभेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला असतो. तिथले लघुलेखक आपले काम चोख करतात. त्यांनी लिहिलेले कोणीतरी वाचले पाहिजे.

मनुष्यबळ नाही अशी अडचण असेल तर मी तयार आहे. संसद टीव्हीवर दर शुक्रवारी दुपारी मी बसलेलाच असतो, वही घेऊन. गेल्या तीन अधिवेशनांच्या नोंदी तारीखवार लिहिलेल्या आहेत, त्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. शंका वाटेल तिथे मूळ वृत्तांताशी ताडून घ्याव्यात. मानधन नको, नावही नको.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक,
सांगली