ग्रीनलँडिक अभ्यासक्रमातील नामरूपांच्या चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नामांच्या धड्यातील चुकीचा नियम व दुरुस्तीची मागणी

महोदय,

तुमच्या अ‍ॅपवर मराठीतून शिकवल्या जाणाऱ्या ग्रीनलँडिक अभ्यासक्रमाची वर्षाची वर्गणी मी भरली आहे. कामानिमित्त मी ग्रीनलँडची राजधानी नूक इथे राहते. ग्रीनलँडिक, म्हणजे कलाल्लिसुत, ही २००९ पासून इथली राजभाषा आहे आणि शेजारीपाजारी तीच बोलतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून मी हा अभ्यासक्रम घेतला.

नामांच्या धड्यात अनेकवचनाचा एकच नियम दिला आहे : शेवटचा 'क़' (घशातून उच्चारायचा क) किंवा साधा 'क' काढा आणि 'त' लावा. 'आर्नाक़' (बाई) या शब्दाला तो लागू पडतो, 'आर्नात' होतं. पण 'मीराक़' (मूल) या शब्दाचं अनेकवचन 'मीक़्क़ात' आहे. सरावात मी तसंच लिहिलं, तर अ‍ॅपने फुली मारून 'मीरात' हे उत्तर बरोबर म्हणून दाखवलं. असं इथे कुणीही म्हणत नाही. 'क़ायाक़' (कयाक, म्हणजे लहान होडी) या शब्दाचं 'क़ान्नात', 'तुपेक़' (तंबू) या शब्दाचं 'तोक़्क़ित', 'उयाराक' (दगड) या शब्दाचं 'उयाक़्क़ात', 'नानोक़' (पांढरं अस्वल) या शब्दाचं 'नान्नुत' होतं. हे काही कोशात दडलेले शब्द नाहीत, रोजच्या बोलण्यातले आहेत. शिवाय बदललेलं अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं शब्दाचं रूप, अनेकवचनापुरतं राहत नाही. 'मुलाचं' म्हणायचं तरी 'मीक़्क़ाप' म्हणावं लागतं. या भाषेत आठ विभक्ती आहेत, त्यामुळे अंग चुकीचं शिकवलं की पुढची रूपंही चुकत जातात.

गावांच्या नावांचाही असाच घोळ आहे. 'क़ाक़ोर्तोक़मध्ये' हे 'क़ाक़ोर्तुमि', 'नार्साक़मध्ये' हे 'नार्सामि'. पण 'कांगेर्लुस्सुआक़मध्ये' म्हणताना शेवटचा वर्ण गळत नाही, त्याचा 'र' होतो : 'कांगेर्लुस्सुआर्मि'. तुमच्या धड्यात तिथेही 'क़' सरसकट गाळला आहे.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते हे की मराठी माणसाला ही गोष्ट समजावणं मुळीच अवघड नव्हतं. 'घोडा'ला आपण थेट 'ला' लावत नाही, आधी 'घोड्या' करतो. सामान्यरूप आपण शाळेत शिकलेलो असतो. तोच धागा धरून लिहिलं असतं तर धडा किती सोपा झाला असता! अचूक रूपं तपासायला ग्रीनलँडच्या भाषा सचिवालयाचा ऑनलाइन कोशही सर्वांना खुला आहे.

माझी मागणी अशी : हा धडा कलाल्लिसुत मातृभाषा असलेल्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. प्रत्येक नामाच्या कार्डावर मूळ रूपाशेजारी अनेकवचन द्यावं. बरोबर उत्तरांवर मारलेल्या फुल्या काढाव्यात, आणि तोवर हा सराव बंद ठेवावा, कारण इतर शिकणारेही हीच चुकीची रूपं पाठ करत असतील. महिन्याभरात दुरुस्ती होणार नसेल, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. चुकलेल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली एक ग्राहक, नूक