डिस्क पुसून झाली आहे, आता उत्तर द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'ऑल रीजन' म्हणून विकलेला ४के ब्लू-रे प्लेअर 'ऑल रीजन' नसल्याबद्दल, आणि त्यावर मिळालेल्या उत्तरांबद्दल

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरने माझी तक्रार 'समाधान झाले' असा शेरा मारून बंद केली. समाधान कोणाचे झाले ते मेसेजमध्ये लिहिलेले नाही. माझे झालेले नाही, म्हणून हे पत्र.

प्लेअर तुमचाच आहे, त्याचे वर्णन तुम्हाला करत बसत नाही. खोक्यावर आणि वेबसाइटवर ठळक अक्षरांत 'ऑल रीजन' छापले आहे. ४के डिस्कपुरते ते खरे आहे, पण त्यात तुमचे काही कर्तृत्व नाही. २०१६ साली अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे ही ४के डिस्क, बाजारात आली तीच रीजन कोडशिवाय, म्हणजे कुठल्या भागातली डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या कुलपाशिवाय. त्या हिशेबाने कुठलाही ४के प्लेअर 'ऑल रीजन'च. प्रश्न साध्या ब्लू-रेचा आहे. तिथे जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केलेले आहेत. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप बी मध्ये, आणि आपण चीन-रशियाच्या पंगतीला सी मध्ये. माझ्याकडच्या बहुतेक ब्लू-रे न्यू जर्सीत नोकरीला असताना घेतलेल्या, म्हणजे ए. तुमचा प्लेअर निघाला फक्त सी. डिस्क आत गेली की तिच्यावरचा प्रोग्राम प्लेअरला त्याचा रीजन विचारतो, उत्तर पटले नाही की पडद्यावर पाटी झळकते आणि सिनेमा तिथेच संपतो. प्रत्येक ब्लू-रेवर हे कुलूप नसते, त्यामुळे माझ्या काही डिस्क व्यवस्थित चालतात. यावरून तुमच्या लोकांनी असा निष्कर्ष काढला की प्लेअर उत्तम आहे आणि माझ्या डिस्क मळक्या आहेत.

मळक्या हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. कालचे संभाषण जसे झाले तसे देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ताडून पाहा.

मी सांगितले, पडद्यावर रीजन जुळत नाही असे लिहून येते. पलीकडून उत्तर : "सर, डिस्क मऊ कापडाने पुसून बघा." मी म्हणालो, पुसली. "मधून बाहेरच्या दिशेने पुसलीत ना सर? गोल गोल नाही ना?" मधून बाहेरच पुसली. "ओके सर, लाइनवर राहा." लाइनवर तुमचीच जाहिरात वाजते आणि तीत एक बाई 'ऑल रीजन' हे शब्द फार लडिवाळ आवाजात म्हणतात. त्या मला आता पाठ आहेत. गृहस्थ परत आले. "सर, दुसरी डिस्क लावून बघा." दुसरीही अमेरिकेतलीच, तीच पाटी. "मग तीही पुसून घ्या सर." पाटीवर रीजन लिहिले आहे हो, धूळ नाही! शेवटी मी विचारले, रीजन म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला आणि मग ते म्हणाले, "हो सर. तुमचा रीजन इथे महाराष्ट्र दाखवतोय."

मी गप्प झालो. त्या शांततेचीच बहुधा 'समाधान' अशी नोंद झाली असावी.

पण थांबा, त्याआधी वरिष्ठही आले होते. ते हसत म्हणाले, "काका, हल्ली डिस्क कोण बघतं? सगळं ओटीटीवर आहे." विकताना सर, तक्रार केली की काका. आणि हल्ली डिस्क कोण बघतं, हे सांगायला ज्या कंपनीने माणूस नेमला आहे, तीच कंपनी डिस्कचे प्लेअर विकते. तुमच्या विक्री विभागाला हे कळवले आहे का?

त्या वरिष्ठांना सांगून उपयोग नव्हता, तुम्हाला सांगतो. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन प्रतिस्पर्धी डिस्कची लढाई मी तिकडे अमेरिकेत राहून पाहिली आहे. लेझर दोघांचाही तोच निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबी मावायचे, ब्लू-रेच्या २५. पण २००६ साली तिकडे पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर ४९९ डॉलरला मिळू लागला तेव्हा पहिल्या ब्लू-रे प्लेअरला ९९९ मोजावे लागत होते. स्टुडिओ दोन गटांत फुटले, लोक कोण टिकतो ते बघत बसले. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने ती बंद करत असल्याचे जाहीर केले. आता गंमत बघा. हरलेल्या एचडी डीव्हीडीला रीजन कोडच नव्हता. जिंकलेल्या ब्लू-रेला होता. त्या कुलपामुळे ती जिंकली असे मी म्हणत नाही, पण तिच्याबरोबर कुलूपही आले, आणि ते काढले आहे असे छापून तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेत.

राहिले ओटीटी. विकत घेतलेले सिनेमे कायम तुमच्या खात्यात राहतील म्हणून मोठमोठ्या स्टुडिओंनी २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाची सेवा काढली. ३१ जुलै २०१९ ला ती बंद झाली. कॅलिफोर्नियाला तर कायदाच करावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल सिनेमा विकणाऱ्याला, तुम्ही फक्त परवाना घेत आहात, हे सांगावे लागते. ज्याच्याकडे एचडी डीव्हीडीचा चालू प्लेअर आणि शाबूत डिस्क आहे, तो मात्र आज रात्रीही सिनेमा बघू शकतो. हरलेल्या फॉरमॅटची ही अवस्था, आणि मी जिंकलेल्याची डिस्क हातात घेऊन तुमच्या माणसाकडून पुसण्याची दिशा शिकतो आहे.

पुन्हा सांगतो, कारण तुमच्या नोंदीत 'प्लेअर बिघाड' असे पडले आहे. प्लेअर बिघडलेला नाही. तंत्रज्ञ पाठवू नका, तो येऊन डिस्क पुसेल. तुम्ही जे विकतो म्हणालात ते हे नाही, एवढीच तक्रार आहे.

वाईट याचे वाटते की तुमचाच जुना डीव्हीडी प्लेअर आमच्याकडे वर्षानुवर्षे चालला. रेघा पडलेल्या व्हीसीडीसुद्धा तो मुकाट्याने वाचायचा. त्याच्या खोक्यावर जेवढे लिहिले होते तेवढे तो करायचा. त्या नावावर विसंबून हा घेतला.

एक तर साध्या ब्लू-रेचे तिन्ही रीजन या प्लेअरवर चालतील अशी सोय करून द्या आणि ती वॉरंटीत बसते असे लिहून द्या. नाहीतर प्लेअर घेऊन जा आणि डिलिव्हरीच्या खर्चासह पूर्ण पैसे परत करा. दोन्हींपैकी काहीही केलेत तरी वेबसाइटवरचे ते दोन शब्द आधी काढा, दुसरा कोणी फसायला नको. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, हे तुमच्या विधी विभागाला विचारून घ्या. त्यांना तरी रीजन म्हणजे महाराष्ट्र वाटणार नाही, अशी आशा आहे.

उत्तर लेखी हवे, देणाऱ्याच्या नावासह आणि हुद्द्यासह. फोन करू नये.

आपला ग्राहक (सध्या तरी),
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, पडद्यावरील संदेशाचा फोटो