तिसऱ्या टॅपला उत्तर

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. लेक आठवीत गेली, क्लास नको म्हणते, माझं मी करते म्हणते, आणि वहिनींचं म्हणणं की ते पर्सनलाइज्ड लर्निंगवालं, म्हणजे प्रत्येक पोराला त्याच्या वेगाने शिकवणारं अ‍ॅप घेऊन दिलं की प्रश्न मिटला. फोनवर मी भरकटतो हे तुला माहितीये, म्हणून लिहितोच. यातला मी काही जाणकार नाही, वर्षभर हात पोळून घेतलेत एवढंच.

आमच्या धाकट्याला गेल्या वर्षी असंच एक अ‍ॅप घेऊन दिलं होतं. नाव राहू दे. रोज वीस मिनिटं गप बसायचा, सलग ४७ दिवसांचा स्ट्रीक, अपूर्णांकासमोर हिरवी टिक आणि ९२ टक्के. मी जाम खूश. मग एका रविवारी सहज कागदावर गणित घातलं, १/२ अधिक १/३. पठ्ठ्याने क्षणात लिहिलं २/५, अंशात अंश मिळवला, छेदात छेद. म्हटलं अरे मग ते ९२ टक्के कुठून आले? तर अगदी निरागसपणे म्हणतो, बाबा त्यात हिंटचं बटण तीनदा दाबलं की उत्तरच येतं.

आता यात पोराला तरी काय बोलणार! त्याला स्ट्रीक टिकवायचा होता, तो त्याने टिकवला.

मग मी त्याला विचारलं, हे तुझं २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? थोडा विचार करून म्हणाला लहान. म्हटलं, अर्धं होतं, त्यात आपण अजून भर घातली, मग ते लहान कसं झालं? गप्प. पेन्सिल तोंडात. दोन-तीन मिनिटं नुसता त्या कागदाकडे बघत होता आणि मला सांगून टाकायची इतकी खाज सुटली होती की विचारू नकोस, पण आवरलं. मग स्वतःच पुटपुटला, "तुकडे सारखे नाहीयेत ना." बस. छेद सारखा का करायचा ते त्याला त्या क्षणी कळलं, लसावि काढायला शाळेत शिकवलेलंच होतं. अ‍ॅपला इतके महिने कळत होतं की हा चुकतोय, पण नेमकं काय समजून चुकतोय ते कळत नव्हतं, चुकला की ते फक्त अजून सोपं गणित द्यायचं.

हे झाल्यावर मी जरा वाचत बसलो. बेंजामिन ब्लूम म्हणून शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांचा १९८४ चा पेपर या अ‍ॅपच्या धंद्यातले सगळे पुढे करतात, की एकट्याला शिकवलं तर साधारण विद्यार्थीसुद्धा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के पोरांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही, निम्म्याहून कमीच, पण फरक आहे हे खरं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच, तिथे चाचणी घेऊन कच्चं राहिलेलं दुरुस्त करून मगच पुढचा धडा घ्यायचे. जाहिरातीत मात्र 'आपल्या वेगाने शिका' एवढंच उरतं. आणि पहिल्याच दिवशी विचारतात ना, तू बघून शिकणारा की ऐकून शिकणारा, तो फॉर्म बिनधास्त काहीही भर. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तर असं गटानुसार वेगळं शिकवून फायदा होतो याला धड पुरावाच सापडला नाही.

आता लेकीचं. स्वतः करते म्हणते ना, करू दे. कल्पना काही नवीन नाही, अमेरिकेत हेलन पार्कहर्स्ट बाईंनी १९२० च्या सुमारास डाल्टन प्लॅन काढला, त्यात मुलांना महिन्याभराचं काम ठरवून द्यायचे, कुठला विषय कधी करायचा ते मुलं ठरवायची. पण त्यात प्रत्येक विषयाची खोली आणि तिथे शिक्षक हजर असायचे आणि किती झालं ते मुलं तक्त्यावर मांडायची. स्वतंत्र म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं.

तू म्हणालास की ती तीन-तीन तास वाचते, पुस्तक हायलायटरने पिवळंधमक झालंय आणि तरी युनिट टेस्टला आठवत नाही. अरे हे आपणही करायचो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते तीनदा लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि गंमत म्हणजे आपल्याला छान आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! वाचलेलं ओळखीचं वाटतं ना, म्हणून आलंय असं वाटतं.

आमच्याकडे आता एवढंच करतो. धडा झाला की पुस्तक मिटायचं, कच्च्या वहीत आठवेल ते लिहायचं, मग उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं, आणि चार-पाच दिवसांनी फक्त त्या लाल जागा परत. पहिले दोन आठवडे जाम कटकट झाली, कारण कोरं पान समोर आलं की फार अपमान होतो, हायलायटरमध्ये तो होत नाही. तुझ्याकडेही होईल, वहिनींना आधीच सांगून ठेव. अ‍ॅप घ्यायचंच असेल तर घ्या, सरावाला बरं असतं, फक्त आठवड्यातून एकदा तिच्या शेजारी बस आणि तिला एक गणित मोठ्याने बोलत सोडवायला लाव. तू मध्ये बोलायचं नाही, हे तुला जड जाणारे.

आणि तिच्या त्या लाल-निळ्या पानाचा फोटो पाठव, मार्क नकोत.

तसा धाकट्याने परवा मलाच अडकवलंय. अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, म्हणे. इतकी वर्षं मी तो उलटा करतोय, पण का ते मला धड सांगता येईना, मी आपलं चहाचं निमित्त करून उठलो. तुला सांगता येत असेल तर रात्री फोन कर, त्याने उद्या परत विचारणार असं बजावून ठेवलंय.

तुझाच