आधी सहवास, मग पाठवणी

इंदूर,
रविवार संध्याकाळ

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. चर्चच्या मंडळीतल्या तरुणांसाठी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा आणि पास होतील त्यांना वस्त्यांमध्ये सेवेला पाठवायचं, असा आराखडा तू कळवलास आणि माझं मत मागितलंस. तुझी तळमळ मी लहानपणापासून पाहत आलोय, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. अभ्यासक्रम जरूर ठेव, पण त्याला पहिली जागा देऊ नकोस.

बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून बघ. येशू डोंगरावर चढला, त्याला हवे होते त्यांना त्यानं बोलावलं आणि बारा जणांना नेमलं. कशासाठी? त्यांनी आपल्याबरोबर असावं आणि आपण त्यांना उपदेश करायला पाठवावं, म्हणून. बरोबर असणं आधी येतं. लूक तर सांगतो की ही निवड करण्यापूर्वी त्यानं अख्खी रात्र प्रार्थनेत घालवली. अर्ज मागवून, गुण बघून तो निवडायला बसला असता, तर मासे धरणाऱ्या पेत्राचं नाव यादीत आलं असतं का? जकात नाक्यावर बसलेला मत्तय आणि रोमी सत्तेविरुद्ध पेटून उठणाऱ्यांतला शिमोन एकाच पंगतीला बसले असते का?

आणि बरोबर राहून ते शिकले तरी कसे, ते पाहा. पहाट व्हायच्या आत तो उठून एकांतात जायचा, हे त्यांना दिसत होतं. एकदा तो प्रार्थना करत होता, ती संपल्यावर एक शिष्य म्हणाला, प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. प्रार्थनेचा धडा त्या मागणीनंतर आला. कुष्ठरोग्याला त्यानं हात लावलेला त्यांनी पाहिला, दमून नावेत झोपलेला पाहिला, मित्र लाजराच्या कबरेपाशी रडताना पाहिला. यातलं काय तू परीक्षेत विचारणार आहेस?

तू इंदूर सोडलंस त्यानंतर मी आपल्या मंडळीतल्या अण्णांबरोबर घरभेटींना जाऊ लागलो. तुला ते आठवतील ते फक्त उपासनेत मागच्या बाकावर बसणारे निवृत्त कंपाउंडर म्हणून. छावणीत एका घरी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले गृहस्थ होते. अण्णा उंबऱ्याबाहेर चपला जोडून ठेवायचे आणि खुर्ची पुढे केली तरी खाटेच्या उशाशी सतरंजीवरच बसायचे. पहिला प्रश्न, "आज पोटात काय गेलं?" बोलता बोलता त्यांचा हात उशीखाली गेला, घामानं ओला झालेला अभ्रा त्यांनी काढला, धुतलेला चढवला, आणि गप्पांत खंड पडला नाही. एवढं झाल्यावर मला म्हणाले, "तेविसावं स्तोत्र वाच." मी वाचलं, त्यांनी दोन ओळींची प्रार्थना केली, आम्ही उठलो.

बाहेर टपरीवर चहा सांगून त्यांनी विचारलं, "काय पाहिलंस?" मी आजाराबद्दल सांगितलं. "आणि त्यांच्या पत्नी कुठं होत्या?" मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या दारात, आपण असेपर्यंत बसल्या नाहीत. "मग पुढच्या वेळी आधी त्यांच्याशी बोल." बस, इतकंच. असं बरेच महिने चाललं. मग एके दिवशी त्याच गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी करून म्हणाले, "आज तू एकटा जा. मी इथं कोपऱ्यावर थांबतो." सेवेबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं बहुतेक त्या गल्लीत कळलं.

येशूनंही त्यांना पूर्ण तयार होईपर्यंत थांबवून ठेवलं नाही. तो कोण आहे हे त्यांना पुरतं उमगण्याआधीच त्यानं बारा जणांना दोघादोघांच्या जोडीनं पाठवलं. काठी घ्या, पायांत वहाणा घाला; भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसा नको. परत आल्यावर त्यांनी केलेलं, शिकवलेलं सगळं त्याला सांगितलं. आणि तो काय म्हणाला? जरा एकांती चला, थोडा विसावा घ्या. लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. तुझ्या आराखड्यात पाठवायची तारीख आहे, पण परत आल्यावर त्यांचं ऐकून कोण घेणार, त्यांना जेवू कोण घालणार, हे कुठंच नाही. ते आधी ठरव.

त्या रिकाम्या झोळीचा अर्थ आपल्या मध्य प्रदेशात राहून मला जास्त जाणवतो. लूकच्या दहाव्या अध्यायात तो सत्तर जणांना सांगतो: घरात शिराल तेव्हा आधी 'या घराला शांती असो' म्हणा, वाढतील ते खा, आजाऱ्यांना बरं करा. जाणारा पाहुणा म्हणून जातो, समोरच्याच्या ताटातलं खातो. धर्म बदलावा म्हणून देण्याघेण्याचं आमिष दाखवायला त्याच्याजवळ काही नसतंच. आणि स्वीकारलं नाही तर? शोमरोनी गावानं येशूला उतरू दिलं नाही तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले होते. त्यानं त्यांनाच दटावलं आणि दुसऱ्या गावची वाट धरली. तुझ्या पोरांना हा प्रसंग पाठ असू दे. नकार ऐकून घेता येत नसेल, त्याला पाठवूच नकोस.

इथून जवळच, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला, सिस्टर राणी मारिया आदिवासींमध्ये काम करायच्या. मूळच्या केरळच्या. सावकारी पाशाविरुद्ध लोकांना उभं करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येताना बसच्या प्रवासात त्यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना कॅथलिक चर्चतर्फे धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. पंथ वेगळा असला तरी मी तरुणांना हे नेहमी सांगतो, आणि बहिणीचा भाग जास्त वेळ घेऊन सांगतो.

आता पेत्राबद्दल, कारण हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. अटकेच्या रात्री पेत्र 'मी याला ओळखत नाही' म्हणून आपल्याला नाकारणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी तो म्हणतो, शिमोना (हे पेत्राचंच मूळ नाव), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली, आणि उठल्यावर करायचं कामही नेमून दिलेलं! पुढे, पुनरुत्थानानंतर, समुद्रकिनारी कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर. आधी त्यानं सगळ्यांना न्याहारी करायला लावली. जेवणं झाल्यावर विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? मुख्य याजकाच्या अंगणातल्या कोळशाच्या शेकोटीपाशी आपल्याला नाकारलेल्या माणसाला पुन्हा तसल्याच विस्तवापाशी बसवून त्यानं आपली कोकरं, म्हणजे आपले लोक, त्याच्या हवाली केली. तुझ्यातला एखादा मुलगा घसरेल, मंडळीत कुजबुज होईल. तेव्हा त्याला कमिटीपुढे उभं करायच्या आधी घरी जेवायला बोलव. कोणी येशूला धरून देणाऱ्या यहूदासारखा निघूनही जाईल. त्याचेही पाय प्रभूनं धुतले होते.

आणखी एक. तुझ्या यादीत एकही मुलगी नाही. मग्दालीया मरीया, खुजाची बायको योहान्ना, सुसान्ना, या त्याच्याबरोबर गावोगाव फिरत होत्या, आपल्या पैशाअडक्यातून सेवा करत होत्या. तू तर महाराष्ट्रात बसलायस. केडगाव तुझ्यापासून किती लांब? तिथं पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि ते छापण्याचं काम त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या मुली-बायकांनी केलं. यादी बदल.

माझं म्हणणं एवढंच, की तीस जणांचा वर्ग भरवण्याआधी चार जण निवड. त्यांना दवाखान्यात, मयताच्या घरी, स्वतःच्या घरी ने. तू थकलेला, चिडलेला, गुडघ्यांवर आलेला त्यांना दिसू दे. पुस्तकं मी इथून पाठवतो, त्यांची काळजी नको.

आणि तुझं कसं काय? हल्ली तू कोणाजवळ जाऊन बसतोस? तुझ्या पत्रात सगळ्यांची व्यवस्था होती, तुझी नव्हती. उत्तरात हे आधी लिही. दिवाळीनंतर मी चार दिवस तिकडे येऊ शकेन. घरभेटीचा वार कोणता ते कळव, म्हणजे तसं तिकीट काढतो.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
इंदूरचा मित्र