बायो, रॉकेट परत आलं पाहिजे

रत्नागिरी
सर्वपित्रीच्या आधीचा रविवार

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

तू कॅन्ससहून पाठवलेले रॉकेटच्या सामानाचे फोटो मोठे करून करून पाहिले. चार इंची ट्यूब, तीन फिन म्हणजे शेपटाचे पंख, नोज कोन म्हणजे टोकदार नाक, प्लायवूडच्या रिंगा, नोज कोन आणि ट्यूब बांधून ठेवणारी ती लांबलचक नायलॉनची पट्टी आणि नारिंगी पॅराशूट. सगळं जमिनीवर ओळीने मांडलेलं बघून आई म्हणाली, "हे आपल्या पोरीपेक्षा उंच होणार." फोनवर तू घाईत होतीस आणि मला सांगायचं ते घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू उंचीबद्दल बराच वेळ बोललीस. एच मोटर (मोटर म्हणजे इंधन भरलेलं नळकांडं, अक्षर तिच्या ताकदीचं) घातली तर अडीचशे मीटर, आय घातली तर सातशेच्या आसपास, ओपनरॉकेट नावाच्या संगणक प्रोग्राममध्ये आकडे टाकून काढलेस. पण जाता जाता बोललीस ते मला जास्त आवडलं. जास्त ताकदीची हौशी रॉकेटं उडवण्याचं लेव्हल वनचं प्रमाणपत्र नुसतं वर गेल्याने मिळत नाही. रॉकेट तू स्वतः बांधलेलं हवं, ते पॅराशूटवर खाली यायला हवं आणि पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत परीक्षकाच्या हातात पडायला हवं, तेव्हा सही. हा नियम ज्यांनी केला त्यांनी स्वतःच्या हाताने काम केलेलं असणार. वर न्यायचं काम मोटर करते आणि ती तू विकत आणणार आहेस. सुखरूप खाली आणायचं काम मात्र तुझ्या जोडांचं आणि तू घातलेल्या पॅराशूटच्या घडीचं आहे. तुझा वेळ तिकडे जाऊ दे.

आधी जोडांचं बोलतो, कारण त्यात माझं आयुष्य गेलं. शेडमध्ये आपण होड्यांना पॉलिएस्टर रेझिन वापरतो. त्यात हार्डनर शंभराला एक-दोन टक्के पडतो, पावसात गारठा असला की जरा वाढवतो, मे महिन्यात कमी करतो. तू लहानपणापासून तेच पाहिलंस. तू रॉकेटच्या जोडांना वापरणार त्या इपॉक्सीच्या बाबतीत ही सवय पूर्ण विसर. इपॉक्सीत हार्डनर रेझिनच्या रेणूंना जोडून स्वतःच त्या जोडाचा भाग होतो, म्हणून त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. लवकर वाळावं म्हणून जास्त घातलास तर उरलेला हार्डनर तसाच आत राहतो आणि जोड कायमचा मऊ पडतो. डब्यावर वजनाचं प्रमाण वेगळं आणि मापाचं वेगळं लिहिलेलं असतं, ते नीट वाच. छोटा वजनकाटा आण आणि वजनानेच घे. खोल ग्लासात जास्त माल कालवू नकोस, तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि धूर सोडायला लागतो. पसरट ताटलीत थोडा थोडा कालव. हातात नायट्रिलचे मोजे घालच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की जात नाही. आपल्या शेजारच्या शेडमधल्या चांगल्या कारागिराला त्यापायी धंदा सोडावा लागला. फायबर घासताना मास्क तोंडावर हवा, गळ्यात नको.

ट्यूब फायबरची आहे म्हणालीस. तिच्यावर जी चकाकी दिसते तिच्यात साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचाही अंश असू शकतो. आधी ॲसिटोनने पूस, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घास, मग पुन्हा पूस. उलट केलंस, तर घासता घासता मेण चरांत भरतं. गेल्या हंगामात आपल्याकडे एक होडी दुरुस्तीला आली, तिच्या तळाचा थर हाताने सोलून निघत होता. कुठेतरी ओल्या पृष्ठभागावर फायबरचं मॅट टाकलं होतं. बाहेरून रंग झकास होता.

तुझ्या किटमध्ये फिनचा खालचा भाग ट्यूबच्या खाचेतून आत जाऊन मोटरच्या नळीवर टेकतो. ही रचना फार चांगली आहे, कारण फिन दोन ठिकाणी धरला जातो. पण ती चांगली तेव्हाच, जेव्हा आतले जोड भरलेले असतील. मोटरच्या नळीशी दोन्ही बाजूंनी फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरायचा इपॉक्सीचा गोलसर थर, दे, ट्यूबच्या आतल्या अंगाला दे, मग बाहेर दे. बाहेरच्या फिलेटवर सगळेच हात फिरवतात, आतल्यावर कुणाची नजर जात नाही. म्हणून मागची रिंग सगळ्यात शेवटी चिकटव, तोवर आत टॉर्च मारून बघता येतं. एका वेळी एकाच फिनचे जोड भर आणि ट्यूब अशी ठेव की माल खाली बसेल, ओघळणार नाही. तीन फिनमध्ये 120 अंशांचं अंतर डोळ्याने मोजू नकोस, पुठ्ठ्याचा साचा कापून घे. इपॉक्सीवर हवेतल्या दमटपणाने कधी मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवायचा आणि मगच घासायचा.

तोलाचं तुला कॉलेजात शिकवलंच असेल, तरी लिहितो. गुरुत्वमध्य (जिथे सगळं वजन तोललं जातं) हा दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे निदान एका व्यासाएवढा हवा, म्हणजे तुझ्या रॉकेटला चार इंच. बॅरोमनच्या सूत्राने दाबमध्य निघतो. गुरुत्वमध्य मात्र कागदावर काढलेला पुरत नाही. पॅराशूट, पट्टी, भरलेली मोटर, सगळं आत घालून रॉकेट दोरीवर तोलून बघ, कारण मोटर शेपटाला असते आणि सगळा तोल मागे ओढते. आणि एक गोष्ट तुला मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभी करून दाखवली असती: नांगरलेली होडी जशी आपली नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवते, तसंच रॉकेटही उड्डाणाची उभी रेल सोडल्यावर वाऱ्याकडे तोंड करतं. तोल गरजेपेक्षा फार पुढे ठेवलास तर जास्तच वळतं. म्हणून रेल सोडताना त्याला पुरेसा वेग हवा. तुझं रॉकेट अडीच किलोचं धरलं तर वजन साधारण साडेचोवीस न्यूटन. जोर त्याच्या पाचपट तरी हवा, म्हणजे सव्वाशे न्यूटनच्या घरात. मोटरच्या नावात अक्षरापुढे जो आकडा असतो तो सरासरी जोराचाच, त्यामुळे निवड करणं अवघड नाही.

आता अक्षराचं. एच म्हणजे एकूण ताकद (जोर गुणिले वेळ) 160 ते 320 न्यूटन-सेकंद, आय म्हणजे 320 ते 640. दर अक्षराला ताकदीची वरची मर्यादा दुप्पट होते. प्रमाणपत्राला दोन्ही चालतात, म्हणून तुझं मन आयकडे ओढतंय हे मला कळतंय. माझं म्हणणं, पहिलं उड्डाण एचवर कर. हिशेब बघ. पॅराशूटखाली रॉकेट सेकंदाला सहा मीटरने उतरतं असं धर आणि वारा सेकंदाला पाच मीटर. सातशे मीटरवरून उतरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतील आणि तेवढ्यात ते पावणेसहाशे मीटर वाहून जाईल. अडीचशेवरून उतरलं तर दोनशे मीटरच्या आसपास पडेल, सगळा वेळ डोळ्यांसमोर राहील. कॅन्ससचा वारा काय असतो ते तूच मला सांगतेस. सुरक्षा नियमात ताशी 20 मैलांपर्यंत परवानगी आहे, पण परवानगी आहे म्हणून उडवायचं असं नाही. आपल्याकडे खारे वारे दुपारी चढतात, तिथेही ऊन तापलं की वारा वाढत असणार. सकाळचा नंबर लावून घे.

पॅराशूट बाहेर पडण्याची वेळ ही या सगळ्या कामाची नाडी आहे. मोटर जळून संपली की आतला विलंबाचा भाग सावकाश जळतो आणि मग छोटा बार उडून नोज कोन सुटतो. हे सर्वोच्च बिंदूच्या आसपास व्हायला हवं, जेव्हा वेग जवळपास नसतो. लवकर झालं तर रॉकेट अजून जोरात असतं, पट्टी ताणली जाते आणि ट्यूबची कड उभी चिरत जाते. उशीर झाला तर ते नाक खाली करून वेग घेतं आणि पुन्हा तेच. तेव्हा विलंबाचे सेकंद खऱ्या वजनावरून काढ. रंगाचंही वजन धर, चार इंची ट्यूबला रंग बराच लागतो. पॅराशूटभोवती आगीपासून वाचवणारं कापड नीट गुंडाळ, कारण बारचा गरम वायू नायलॉनला क्षणात भोक पाडतो. घडी आदल्या रात्री करून ठेवू नकोस, सकाळी मैदानावर कर, म्हणजे कापड चिकटून बसणार नाही. नायलॉनच्या पट्टीला साधी गाठ पुरत नाही, ती सरकते. शिवलेला फास आणि लोखंडी कडी वापर. मग नोज कोन हातात धरून रॉकेट उचल आणि जरा हलव. आपल्याच वजनाने सुटत असेल तर ढिला आहे, कागदी टेपने बसवून घे. ओढूनही येत नसेल तर बारालाही जमणार नाही.

बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर निदान एक मिनिट जागचं हलायचं नाही. हा नियम सगळ्यांसाठी आहे, घाईत असणाऱ्यांसाठी जास्त.

तुझ्या रॉकेटची जाडी जवळजवळ शंभर मिलिमीटर. 1967 साली केरळातल्या थुंब्याहून आपलं पहिलं रोहिणी रॉकेट उडालं त्याचा व्यास 75 मिलिमीटर होता. त्याच्या चार वर्षं आधी, 21 नोव्हेंबर 1963 रोजी, तिथून पहिलं उड्डाण झालं ते अमेरिकेच्या नायके-अपाचेचं. थुंबा हे आपल्यासारखंच अरबी समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. पुढे डॉ. वसंत गोवारीकरांनी तिथे घन इंधनावर काम केलं. पावसाच्या अंदाजाचं 16 घटकांचं मॉडेल म्हणून आपण ज्यांचं नाव ऐकत आलो तेच हे. तुझ्या मोटरमधलं अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि ते बांधून ठेवणारं रबरासारखं द्रव्य, हे कुळ पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातल्या इंधनाचंच. हे वाचल्यापासून मी इथे भेटेल त्याला सांगतोय.

तू विचारलंस, डिसेंबरात येताना रॉकेट आणून आपल्या सड्यावर उडवूया का. बायो, मला किती आवडलं असतं ते लिहून सांगता येणार नाही. सडा सपाट आहे, मोकळा आहे, बघणाऱ्याला लगेच वाटतं हीच ती जागा. पण डिसेंबरात तिथलं गवत वाळलेलं असतं आणि कडेने कलमांना मोहोर यायला लागतो. एक ठिणगी पडली की वणवा, आणि लोकांची वर्षाची कमाई जळते. त्या कातळावर उक्षी-कशेळीसारखी शिल्पं कोरलेली आहेत, उक्षी-कशेळीची तर 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. अजून न सापडलेली मातीखाली किती असतील! वरून तटरक्षक दलाच्या धावपट्टीची विमानं. मोटर प्रवासी विमानात नेता येत नाही, सामानातही नाही आणि हातातही नाही. इथे तसली वस्तू आणायला, ठेवायला स्फोटकांच्या कायद्याखाली परवाना लागतो. तेव्हा सड्यावर नाही. तिकडे कॅन्ससमध्ये परवानगी काढलेलं आकाश आहे, मोकळं शेत आहे, जाणती माणसं शेजारी उभी असतात. तिथेच उडव.

पण रिकामं रॉकेट जरूर आण, मोटरचं नळकांडं तिकडेच ठेवून. ट्यूबचे भाग सुटे होतात म्हणालीस, सामानात बसेल. वाडीतल्या शाळेत घेऊन जाऊ. पोरांना फिन धरून ओढून बघू दे, किती घट्ट आहे ते.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तिकडे सकाळचे 9 म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात. आम्ही घरीच आहोत. मैत्रिणीला व्हिडिओ काढायला सांग आणि तो पॅराशूट उघडल्यावर बंद करू नको म्हणावं, जमिनीला टेकेपर्यंत चालू ठेव. वारा बरा नसला आणि त्या दिवशी उडवलं नाहीस, तरी फोन कर. मला तेही ऐकायचंय.

आणि मागची रिंग चिकटवण्याआधी तिन्ही फिनच्या आतल्या जोडांचे फोटो टॉर्च मारून पाठव. मी बघून सांगितल्यावरच बंद कर. इकडे रात्रीचे कितीही वाजले असोत, पाठव.

तुझे
बाबा