राघूंची पंगत आणि तुझा खाकी शर्ट

मु. पो. ता. सिल्लोड
6 सप्टेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्या लेकीने फोनवर विचारलं, "काका, मला एक पोपट पाठवाल का?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर त्या वेळी मी मक्याच्या बांधावर डबा बडवत होतो आणि समोर तारेवर साठ-सत्तर राघू बसलेले होते. तिला सांग, पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. नाहीतर काकाने टेम्पो भरून पाठवले असते.

चूक माझीच. यंदा विहिरीला पाणी होतं म्हणून आठ जूनलाच दीड एकर मका टोकून टाकली. लवकर निघाली तर भाव बरा लागेल, हा हिशोब. शिवारात बाकी सगळ्यांची पेरणी पावसाची वाट बघत दोन आठवडे मागे राहिली. मग ऑगस्टच्या शेवटाला दाणा दुधात आला तो एकट्या माझ्याच रानात. सगळ्यांची मका एकदम आली असती तर राघू वाटले गेले असते, प्रत्येकाची चार-दोन कणसं गेली असती. आता सगळ्या गावाच्या वाटची पंगत माझ्याकडे. अण्णा तेव्हाच म्हणाले होते, "सगळ्यांसंगं पेर." मी ऐकलं नाही.

त्याहून मोठी गंमत ऐक. जुलैत पोंग्यात, म्हणजे ताटाच्या मधल्या कोवळ्या पानांत, लष्करी अळी निघाली. पक्षी येऊन अळ्या वेचतील म्हणून एकरी दहाच्या हिशोबाने पंधरा पक्षीथांबे मी स्वतःच्या हाताने रोवले. कोतवाल यायचे, साळुंक्या यायच्या, मला बघूनच बरं वाटायचं. तुरा आल्यावर ते उपटायला हवे होते. मी आज उपटू, उद्या उपटू करत राहिलो. एका सकाळी बघतो तर प्रत्येक थांब्यावर राघू. पाहुण्यांसाठी मी पाटच मांडून ठेवले होते!

एकाला जवळून बघितलं. पालथा लटकून एका पायात कणसाचं टोक धरलं, चोचीने पाचोळा सोलत खाली आणला, आणि दाणा फोडून दूध तेवढं घेतलं. साल खाली. दहा-बारा दाणे झाले की कणीस सोडून शेजारच्यावर. पोट भरण्यापुरतं खाल्लं असतं तर मी काही बोललो नसतो रे. उघडं पडलेलं टोक पावसात भिजतं, बुरशी धरतं, आणि व्यापारी सगळ्या मालालाच नाक मुरडतो.

उपाय सगळे करून झाले. जुन्या सीडी टांगल्या. चार दिवस बिचकले, मग सरावले. मोठा बार काढणारी पाइपची तोफ घ्यायचा विचार होता, पण तसल्या तोफेने दिवाळीत पोरांचे डोळे गेल्याचं वाचलंय, घरात धाकटी हात लावल्याशिवाय राहायची नाही. एका दुकानदाराने हळूच दाण्याला औषध लावून टाकायचं सुचवलं. मी पायरी उतरलो. रानात मोरही येतात, आणि मोर मेला तर मी कुणाला तोंड दाखवू?

चमकी फीत मात्र बरी निघाली. लाल-चंदेरी, पिकाच्या हातभर वर, दर पाच मीटरला एक, पीळ देऊन ताणायची. वाऱ्यात ती घुंगुंग करते, त्याला राघू दबकतात. वारा पडला की संपलं.

खरा उपयोग झाला तो पानं गुंडाळण्याचा. राघू आधी कडेला उतरतात, आमच्याकडे बाभळीच्या आणि तारेच्या बाजूला. त्या बाजूच्या तीन ओळींत कणसाचे केस वाळून तपकिरी झाले की त्याच ताटाचं पान न तोडता कणसाभोवती फिरवायचं आणि टोक खोचायचं. वरून बघणाऱ्याला कणीस दिसतच नाही. हिने आणि मी दोन सकाळी लावल्या, कंबर मोडली, हात पानांनी चिरले. पण गुंडाळलेल्या ओळींत नुकसान अगदी थोडं. आधीच करायला पाहिजे होतं. पहिल्या आठवड्यात गेली ती गेली.

बाकी राखण. पहाटे सहा ते नऊ मी, दुपारी चारनंतर अण्णा. त्यांनी अंबाडीच्या सुतळीची गोफण विणलीय. दगड घालत नाहीत, नुसता फटका काढतात. तुझी आठवण निघाली: तू गोफणीने शेजारच्यांची कौलं फोडलीस आणि मार मी खाल्ला, ते अण्णांना अजून माहीत नाही.

आणि हो, मागच्या दिवाळीत तू विसरून गेलेला कंपनीचा खाकी शर्ट बुजगावण्याला घातलाय. राघूंवर काडीचा परिणाम नाही. वायरमन मात्र दुरून हात करून गेला.

आता दाणा टणक व्हायला लागलाय, दहा-बारा दिवसांची राखण उरलीय. पुढच्या शनिवारी ये. लेकीलाही आण, तिला पहाटे बांधावर बसवतो, हवे तेवढे पोपट बघू दे. चार कोवळी कणसंही ठेवलीत विस्तवासाठी. आणि त्या शर्टाची पँट सापडली तर घेऊन ये.

तुझा,
बाळू