घाट उतरायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे. कोल्हापुरातील तरुण मंडळींचे गगनबावडा, दाजीपूर, आंबा आणि आंबोलीचे बेत आतापासूनच ठरू लागले असतील. एखादा मोठा अपघात झाला की घाटात दुचाकींना बंदी घाला, अशी मागणी पुढे येते, चार दिवस नाकाबंदी होते, काही गाड्या अडवल्या जातात आणि पाऊस ओसरला की विषयही ओसरतो. या घाटांतून अनेक वर्षे मोटारसायकलने ये-जा करणारा एक वाचक म्हणून मला नम्रपणे सांगायचे आहे की, बंदीने हा प्रश्न सुटणार नाही. घाट उतरताना दुचाकी कशी हाताळायची हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवतच नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथे आहे.

कोल्हापूर हे घाटमाथ्याच्या काठावरचे शहर आहे. कोकणात उतरायचे तर आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरावाच लागतो. एकट्या गगनबावड्यातूनच दोन घाट फुटतात, एक करूळचा आणि दुसरा भुईबावड्याचा. या रस्त्यांवरून जाणारे सगळेच दुचाकीस्वार धबधबे पाहायला निघालेले हौशी नसतात. कोकणातून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी कोल्हापुरात आलेली असंख्य माणसे गणपतीला, शिमग्याला, शेतीच्या कामाला दुचाकीवरूनच गावी जातात, कारण गावापर्यंतची एसटी सोयीच्या वेळी मिळेलच असे नाही आणि चारचाकी परवडत नाही. पर्यटकांना रोखण्यासाठी काढलेल्या आदेशाचा फटका आधी या माणसांना बसतो. शिवाय पावसातला घाट पाहावासा वाटण्यात गैर काय आहे? गगनगडावरून ढग खाली उतरताना पाहणे, भुईबावड्याच्या वळणावर थांबून खालचे कोकण न्याहाळणे हा इथल्या तरुणाचा हक्कच आहे. तो त्याला सुखरूप उपभोगता यावा, एवढीच माझी मागणी आहे.

आपल्याकडे सपाट मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला की दुचाकीचा परवाना हाती पडतो. पुढे आयुष्यभर ती व्यक्ती कोणताही घाट उतरायला कायद्याने मोकळी असते. सपाटीवर गाडी थांबवणे आणि उतारावर गाडी रोखून धरणे यांत मात्र मोठा फरक आहे. उतारावर गाडीचे, बसलेल्यांचे आणि सामानाचे सगळे वजन सतत पुढे ढकलत असते आणि ते केवळ ब्रेकवर तोलून धरले की ब्रेक तापतात. ड्रम ब्रेक असेल तर लायनरची पकड सुटते, डिस्क असेल तर ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट मुठीपर्यंत जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि ओल मुरलेले ऑइल लवकर उकळते, म्हणून ते ठरावीक मुदतीत बदलावे लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते. यावरचा उपाय जुने ट्रकचालक पिढ्यान्पिढ्या जाणतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, म्हणजे वेगाला अटकाव इंजिनच करते आणि ब्रेक वळणांसाठी आणि अडीअडचणीसाठी ताजे राहतात.

आपल्याकडे मात्र याच्या नेमकी उलट सवय खोलवर रुजली आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर चावीच बंद करतात, आणि पेट्रोल वाचवल्याचे समाधान मानतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतर आलेल्या बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आहे. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजिनाला होणारा इंधनपुरवठा जवळपास थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी हा धोका पत्करला जातो, ती बचतही होत नाही. घराघरांतील वडीलधाऱ्यांनी ही एक गोष्ट मुलांना समजावून सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

ऑटोमॅटिक स्कूटरचा प्रश्न याहून बिकट आहे. तिला बदलायला गिअर नसतात आणि वेग एका मर्यादेखाली गेला की क्लच सुटून इंजिनाचा अटकाव जवळजवळ नाहीसा होतो. घरटी स्कूटर असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे. गणपतीच्या दिवसांत करूळ घाटाच्या पायथ्याशी मी एक कुटुंब पाहिले होते. मागे पत्नी, पुढे उभे केलेले लहान मूल, पायापाशी पिशव्या. मागच्या चाकातून धूर येत होता आणि जळक्या लायनरचा वास रस्त्याच्या पलीकडेही जाणवत होता. “काका, ब्रेकच लागंना झालाय ओ,” असे म्हणत तो तरुण बाटलीतले पाणी चाकावर ओतायला निघाला होता. आम्ही दोघातिघांनी त्याला थांबवले, कारण लालबुंद तापलेल्या ड्रमवर थंड पाणी पडले तर धातूला तडा जाऊ शकतो. विचारल्यावर कळले की माथ्यापासून पायथ्यापर्यंत त्याने डावा ब्रेक एकदाही सोडलेला नव्हता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, वेगही बेताचाच होता, घरच्यांची काळजी चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. अशा माणसाला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे आहे. माथ्यावरूनच हळू निघावे, दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत आणि सोडावेत, अधूनमधून सुरक्षित जागी थांबून चाके निवू द्यावीत, या साध्या गोष्टी त्याला कोणी सांगितल्याच नव्हत्या.

उताराइतकाच वळणाचाही विचार व्हायला हवा. वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा असतो. वळणात शिरल्यावर दचकून ब्रेक दाबला की ओल्या रस्त्यावर चाक निसटते. उजव्या वळणावरचा एक धोका मला विशेषकरून नोंदवावासा वाटतो, कारण तो चांगल्या चालकांच्याही लक्षात येत नाही. गाडीची चाके मधल्या रेषेच्या आत, आपल्याच बाजूला असतात, पण गाडी झुकलेली असल्याने स्वाराचे डोके आणि खांदा रेषेपलीकडे गेलेले असतात, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा आरसा नेमका तिथेच असतो. कोकणातून चिरा भरून वर येणारे ट्रक या घाटांत नेहमीचे आहेत. अशा लांब, भरलेल्या गाडीला आवळ वळणावर सगळा रस्ता घ्यावाच लागतो आणि तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात. त्या आतल्या फटीतून दुचाकी घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे. चढणीवर थांबलेले भरले वाहन पुन्हा हलवणे किती अवघड असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र घाटात याच नियमाची सर्रास पायमल्ली होते.

आता रस्त्याविषयी. करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता आणि त्या काळात भुईबावडा व फोंडा घाटांवर ताण आला. काम झाले याचा आनंद आहे. परंतु रुंद रस्त्यावर वेग आपोआप वाढतो, वळणे मात्र वळणेच राहतात. रस्त्याची पाहणी बहुधा चारचाकीतून होते, त्यामुळे दुचाकीला जाणवणारे धोके पाहणी करणाऱ्याला जाणवत नसावेत. काँक्रीटची कडा आणि साईडपट्टी यांच्यात चार बोटांचा फरक राहिला तर मोटारीला नुसता गचका बसतो, दुचाकी मात्र आडवी होते. सतत सावलीत राहणाऱ्या वळणांवर शेवाळ धरते. डोंगराकडचे गटार तुंबले की लाल माती आणि बारीक खडी पाण्याबरोबर रस्त्यावर येते आणि वाहनांच्या चाकांनी ढकलली जाऊन वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचते. मासळी घेऊन येणाऱ्या टेम्पोतून बर्फाचे पाणी रस्त्यावर गळते, तेही निसरडे असते. गाळप हंगामात तर घाटाच्या अलीकडेच, पाणंदीतून डांबरी रस्त्यावर येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या चिखल आणतात आणि अनेक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. हे सगळे फावडे, झाडू, चुना आणि चार रिफ्लेक्टर यांनी सुटणारे प्रश्न आहेत. मोठ्या निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही.

रस्त्याच्या बाहेरच्या कडेविषयी एक विनंती तरुणांनाही आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता कसा खचून गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुसळधार पावसानंतर कडा वरून शाबूत दिसली तरी खालची माती वाहून गेलेली असू शकते. छायाचित्रासाठी गाडी अगदी कठड्याला लावून उभे राहण्याचा मोह टाळलेला बरा. तसेच अतिवृष्टीत गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकली आणि खोकुर्ले परिसरात रस्त्यावर पाणी येते, तेव्हा पुढच्याची गाडी गेली म्हणून आपली घालू नये. गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे काठावरून दिसत नाही.

राधानगरीकडून दाजीपूरमार्गे फोंड्याला जाणाऱ्या वाटेवर सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. हा रस्ता गव्यांच्या अधिवासातून जातो. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोच्या आसपास भरू शकतो आणि त्याचा काळसर रंग रात्री डांबराशी मिसळून जातो. गवे बहुधा कळपाने फिरतात, त्यामुळे एक रस्ता ओलांडून गेला की मागून आणखी येणार हे गृहीत धरून थांबावे, हॉर्न वाजवू नये. शक्यतो अंधार पडण्याआधीच हा टप्पा पार करावा. धुक्यातही अशाच संयमाची गरज असते. हेडलाइटचा अप्पर लावला की प्रकाश धुक्यावरूनच परत डोळ्यांवर येतो आणि दिसायचे तेही दिसेनासे होते. तिथे डिपरच उपयोगी पडतो.

नव्या गाड्यांत एबीएस आहे, मग भीती कशाची, असे काही तरुण विचारतात. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु एबीएस चाक जाम होऊ देत नाही, इतकेच त्याचे काम. शेवाळलेल्या रस्त्याला ते पकड देऊ शकत नाही आणि वळणाला न झेपणारा वेग झेपवूही शकत नाही. हेल्मेटबद्दल या जिल्ह्यात पुष्कळ वाद झाले आहेत, ते मी उकरून काढत नाही. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने बंधनकारक आहे आणि पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही, एवढे लिहून थांबतो.

अपघात झालाच तर गगनबावड्यापासून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंतचे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि घाटात अनेक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे पहिली मदत करतो तो मागून येणारा प्रवासीच. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने अनेक जण थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम १३४अ अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देते, त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे घाटाच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, आणि १०८ क्रमांकाला कळवण्यासाठी सर्वांत जवळची रेंज कुठे मिळते, तेही त्याच फलकावर असावे.

या पार्श्वभूमीवर प्रादेशिक परिवहन कार्यालय, पोलीस, वाहनविक्रेते, महाविद्यालये आणि दुचाकीस्वारांचे गट यांना माझी एक ठोस सूचना आहे. दरवर्षी मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी लवकर, जोतिबाच्या डोंगराच्या रस्त्याचा एक टप्पा दोन-तीन तास वाहतुकीसाठी बंद ठेवून तिथे घाट उतरण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. गिअरवर गाडी उतरवणे, स्कूटरचे दोन्ही ब्रेक मिळून दाबणे आणि सोडणे, वळणापूर्वी वेग कमी करणे, मागे माणूस बसलेला असताना थांबण्याचे अंतर किती वाढते ते प्रत्यक्ष पाहणे, एवढे शिकायला एक सकाळ पुरते. शिकवायला एसटीचे आणि ट्रकचे निवृत्त चालक बोलवावेत. उभे आयुष्य घाटात गाडी चालवलेली ही माणसे आपल्याच पेठांत आणि गावांत राहतात, आणि बोलावले तर ती आनंदाने येतील, अशी माझी खात्री आहे. शिकाऊ परवाना घेणाऱ्यांना या प्रात्यक्षिकाची माहिती परवान्यासोबतच मिळावी. यंदाचा मे हातचा निसटत चालला आहे, पण गणपतीला गावी जाणाऱ्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, श्रावणातल्या एखाद्या उघडिपीच्या रविवारीही हे करता येईल. संबंधितांनी पुढाकार घेतल्यास त्या दिवशी पडेल ते काम करायला मी स्वतः हजर राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
कोल्हापूर